हिंगण्याच्या दोन बहिणी

हिंगण्याच्या संस्थेचा इतिहास आपण बहुधा एका वाटेपासून सांगायला लागतो. फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे तास आटोपून संध्याकाळी पायी हिंगण्याला निघालेले अण्णा, म्हणजे धोंडो केशव कर्वे, खांद्यावर विधवांच्या आश्रमासाठी घेतलेले सामान, पावसाळ्यात घोट्यापर्यंतचा चिखल, झोपडीत कंदिलाच्या उजेडात घेतलेला अभ्यास आणि पहाटे पुन्हा पुण्याची वाट. हे चित्र खरे आहे. त्या वाटेला आज कर्वे रस्ता म्हणतात हेही योग्यच झाले.

पण त्या वाटेला दोन टोके होती. हिंगण्याच्या टोकाला आश्रमातल्या विधवा मुलींना सांभाळणाऱ्या पार्वतीबाई आठवले होत्या. पुण्याच्या टोकाला अण्णांचे घर आणि मुले सांभाळणाऱ्या बाया, म्हणजे आनंदीबाई कर्वे. या दोघी सख्ख्या बहिणी. संस्थेच्या कागदपत्रांत, अहवालांत आणि ठरावांत पार्वतीबाईंचे नाव जागोजागी येते. बायांचे नाव फार थोड्या ठिकाणी येते, आणि त्याला कारण आहे. ते कारण संस्थेने आपल्याच स्मरणिकेत नीट लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते, म्हणून या लेखाची सुरुवात मी वाटेच्या ऐवजी देवरूखच्या एका घरापासून करते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखच्या जोशी घराण्यातल्या या मुली. थोरलीचे नाव गोदू, धाकटीचे कृष्णा. गोदूचे लग्न आठव्या वर्षी नातूंच्या घरी झाले आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच वैधव्य आले. पुढची कितीतरी वर्षे ती सासरी राबत राहिली. शेतीचे काम, गुराढोरांचे काम, स्वयंपाक, कोकणातल्या मोठ्या कुटुंबात विधवा सुनेच्या वाट्याला येते ते सगळे. पुढे केशवपनही झाले. अक्षरओळख मात्र नाही.

कृष्णेची कहाणी वेगळी. तिचे लग्न अकराव्या वर्षी महादेव आठवले यांच्याशी झाले. ते पायाने अधू होते आणि गोव्याकडे जकातीच्या खात्यात नोकरीला होते. तिने संसार केला, तिला मुलगा झाला, आणि विसाव्या वर्षी नवरा गेला. सासरी मिळालेले पार्वतीबाई हे नाव तिने जन्मभर वापरले.

दोघींचे वैधव्य एकाच शब्दाने सांगितले जाते, पण ते एकसारखे नव्हते. एकीने नवऱ्याला पुरते पाहिलेही नव्हते. दुसरीने त्याच्याबरोबर घर केले होते आणि त्याला गमावले होते. पुढे एका बहिणीने पुनर्विवाह केला आणि दुसरीने तो विचारही नको म्हटला, याचे मूळ मला इथे दिसते. एक सुधारक आणि दुसरी सनातनी अशी जी सोपी विभागणी पुष्कळदा केली जाते ती दोघींवरही अन्याय करणारी आहे.

या दोघींच्या मधला दुवा म्हणजे त्यांचा भाऊ नरहरपंत जोशी. मुंबईत नरहरपंत आणि धोंडो केशव कर्वे हे स्नेही, गिरगावात शेजाराने आणि एकत्र बिऱ्हाडाने राहिलेले. गोदूला देवरूखहून मुंबईला आणण्याचे धाडस नरहरपंतांनी केले. त्या बिऱ्हाडात ती स्वयंपाकपाणी बघू लागली. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई तेव्हा हयात होत्या. गोदूने त्या घरात आधी पाहुण्या विधवेसारखे दिवस काढले. त्याच माणसाची ती पुढे पत्नी होईल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाईंची नोंद आहे. विशी उलटलेली, केस काढलेली, कोकणातल्या घरात हात राबवून आलेली ती बाई तिथे मुळाक्षरे गिरवायला बसली. महाराष्ट्रातल्या विधवांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण संस्थांची स्थापना मोजतो, आणि ते बरोबरच आहे. पण सदनाचे दार उघडले आणि आत पाऊल टाकणारी पहिली विधवा कोण, याचेही उत्तर आपल्याकडे आहे, आणि ती आपल्याच घरातली आहे. शारदा सदन पुढे पुण्याला आले तशा गोदूबाईही आल्या.

१८९१ साली राधाबाई गेल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. मित्राशी बोलताना नरहरपंतांनी आपल्या बहिणीचेच नाव सुचवले. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदनाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले; घरच्यांनी आणि नंतर साऱ्या गोताने त्यांना बाया म्हटले.

लग्नाची किंमत मुरुडात चुकवावी लागली. दापोलीजवळचे हे गाव अण्णांचे. तिथे त्यांची आई, भाऊ, बहीण, सगळे नातेवाईक. गावाने ठराव करून बहिष्कार घातला. अण्णा घरी आले तर घरच्यांवर बहिष्कार, म्हणून जिथे जन्मभराचे घर होते तिथे आईशी मोकळेपणी भेटणेही अवघड झाले. अण्णांच्या आत्मवृत्तात हे प्रसंग फार संयमाने आले आहेत. त्या संयमाच्या मागे जी बाई नव्या सुनेच्या नात्याने मुरुडच्या वेशीवर उभी होती, तिचे काय झाले असेल याची कल्पना वाचकाला स्वतःच करावी लागते.

आता संस्थेकडे येऊ. शारदा सदनातल्या धर्मांतरांच्या वादानंतर पुष्कळ पालकांनी मुली काढून घेतल्या होत्या, आणि विधवांना शिकवणारी, घरच्यांचा विश्वास बसेल अशी संस्था हवी हे अण्णांना जाणवत होते. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले. शिल्लक टाकलेली जवळजवळ सगळी पुंजी अण्णांनी तिथे घातली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला, आणि पुढची काही वर्षे शहरात कोणतीही गोष्ट धड चालणे कठीण झाले. १८९९ साली सदाशिव पेठेत भाड्याच्या घरात आश्रम सुरू झाला. प्लेगमुळे तिथे राहणे धोक्याचे झाले तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तिथे झोपडी उभी राहिली आणि आश्रम शहराबाहेर आला.

हिंगणे तेव्हा पुण्यापासून लांब, रस्ता नसलेले खेडे. तिथे विधवा मुलींनी राहायचे, स्वयंपाक करायचा, शिकायचे. त्यांच्या माहेरच्यांना आणि सासरच्यांना एकच भीती होती, ती म्हणजे मुलीचे पुन्हा लग्न लावून देतील. अण्णा स्वतः विधवेशी लग्न केलेले. विधवाविवाहाच्या चळवळीत ते चिटणीस म्हणूनही राबलेले. आश्रम टिकवायचा तर हा संशय पुसायला हवा, म्हणून त्यांनी चळवळीच्या चिटणीसपदावरून अंग काढून घेतले. आणि आणखी एक गोष्ट केली. बायांना आश्रमात राहू दिले नाही.

इथे मला थांबायला हवे. जी शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती, जिच्याशी लग्न करून अण्णांनी समाजाशी झुंज दिली, तिला त्याच अण्णांनी उभारलेल्या आश्रमात जागा नव्हती. ती पुनर्विवाहित होती, आणि तिच्या तिथे असण्याने आश्रमाचे नाव गेले असते. कधी कामानिमित्त हिंगण्याला गेल्या तरी त्यांची पंगत वेगळी. आश्रमातल्या विधवा, ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते, त्या बायांच्या पंक्तीला बसत नसत. बायांनी ‘माझे पुराण’मध्ये हे लिहून ठेवले आहे, आणि त्या लिहिण्यात दुखावलेपण आहे. ते कुणी झाकू नये.

अण्णांच्या निर्णयाचा व्यवहार मला कळतो. १९०० च्या पुण्यात बाया आश्रमात राहत्या तर कदाचित चार मुलीही आल्या नसत्या. पण ही तडजोड बायांच्या वाट्याला आली, अण्णांच्या नाही, हेही खरे आहे. अण्णा दोन्हीकडे जाऊ शकत होते. संध्याकाळी आश्रमात, दिवसा कॉलेजात, मधल्या वेळात घरी. बाया एकाच ठिकाणी राहू शकत होत्या. घरी मुले आजारी असतानाही अण्णांना हिंगण्याची वाट धरावी लागे, आणि त्या वाटेवर त्यांचे मन घराकडे ओढत असे, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. आजारी मुलांजवळ रात्रभर बसणाऱ्या बायांचे मन कुठे ओढत होते हे कुणी विचारले नाही. ते आपण आज विचारले पाहिजे.

घरची परिस्थिती बेताची. फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या, अण्णांसारख्या आजीव सदस्यांना महिन्याला पंचाहत्तर रुपये मिळत. त्यातलाही वाटा आश्रमाकडे जाई. अण्णांनी आपल्या आयुर्विम्याची रक्कमसुद्धा आश्रमाच्या नावे करून टाकली, तेव्हा बाया भडकल्या. मुलांचे पुढे काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण त्याग करणाऱ्याचे नाव घेतो; ज्यांच्या ताटातून तो त्याग गेला त्यांचे नाव घेत नाही. बायांनी तो प्रश्न विचारला आणि नंतर त्याच घरात थोड्या पैशात भागवले, याची नोंद माझ्या लेखी विम्याच्या रकमेहून कमी नाही.

त्या घरात राधाबाईंचा मुलगा रघुनाथ होता. नवी आई घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा. पुढे शंकर, दिनकर आणि भास्कर हे बायांचे मुलगे. शिवाय नात्यातली, ओळखीची, अडलेली माणसे त्या घरात सतत येत-जात. त्या येणाऱ्यांमध्ये एक दिवस बायांची धाकटी बहीण होती. संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग कोणता असे मला कुणी विचारले तर मी हाच सांगेन. विधवा होऊन, लहान मुलाला घेऊन बसलेल्या पार्वतीबाईंना पुण्याला आणले, आपल्या घरी ठेवले आणि शिकायला बसवले ते बायांनी. आश्रमाच्या उंबऱ्याबाहेर ज्यांना ठेवले, त्यांच्या घरातून आश्रमाची पहिली मोठी कार्यकर्ती तयार होऊन निघाली.

पार्वतीबाई तेव्हा पंचविशीच्या. पाटी-पेन्सिल हातात धरण्यापासून सुरुवात. पुढे शिक्षिका होण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी पुण्यात घेतले. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर आणि पार्वतीबाई या तिघी सुरुवातीच्या हिंगण्याचा कणा होत्या. अण्णा दिवसभर पुण्यात. आश्रमातला चोवीस तासांचा कारभार, सकाळचे पाणी भरण्यापासून रात्री दार लावण्यापर्यंत, या बायकांच्या अंगावर. पार्वतीबाई तिथल्या मुख्य व्यवस्थापिका झाल्या.

शिक्षिका म्हणून त्यांचे मोठेपण कशात होते? माझे मत असे आहे की त्या स्वतः मोठ्या वयात अक्षरे शिकल्या होत्या, यातच. त्यांच्यासमोर बसणाऱ्या मुली काही शाळकरी वयाच्या नव्हत्या. कुणाला सासरने टाकलेले, कुणाला भावाने गुपचूप आणून सोडलेले, कुणाचे मूल माहेरी. हाताने धान्य दळणे ज्यांना येते पण लेखणी धरता येत नाही, अशा बाईला बाराखडी शिकवायची तर तिची लाज आधी काढावी लागते, आणि ती लाज ज्यांनी स्वतः भोगली आहे त्यांनाच ती काढता येते. पुस्तके, गणित, भूगोल हे सगळे पुढे आले. त्याआधी तिला पाटीसमोर बसवून, वय कितीही असो, शिकता येते हे दाखवायचे होते. पार्वतीबाईंना ते सांगावे लागले नाही. समोर बसून शिकवणारी बाई तेच उदाहरण होती.

आश्रमाला पैसे हवे होते. पार्वतीबाई वर्गणीसाठी गावोगाव फिरू लागल्या. त्या काळात डोक्याचे केस काढलेली ब्राह्मण विधवा अनोळखी गावात सभेत उभी राहून बोलते हे दृश्यच लोकांना नवे होते. बोलण्याची सवय नाही, सभेची भीती, तरी त्या बोलू लागल्या. दारोदार हिंडल्या. घरच्या बायका आत बोलावून त्यांचे ऐकून घेत, पुरुष ओट्यावर हिशोब विचारत. केशवपन न करण्याचा निर्णय त्यांनी पुढे स्वतः घेतला. आश्रमात राहणाऱ्या, विधवाविवाहाला स्वतःपुरता नकार देणाऱ्या बाईने घेतलेला तो निर्णय होता, म्हणून त्याला वजन होते. तिला कुणी सुधारकांच्या गटातली म्हणून बाजूला सारू शकत नव्हते.

त्यांची सगळी मते आज आपल्याला पटतीलच असे नाही. स्त्रीशिक्षण घरसंसाराला उपयोगी पडेल असे असावे, पुरुषांच्या शिक्षणाची ती नक्कल नसावी, हा त्यांचा आग्रह होता आणि तो अण्णांच्या विचारांशी जुळत होता. मला त्यात मर्यादा दिसतात. तरी ज्या बाईने घराघरांत जाऊन बायका कशा जगतात हे पाहिले, तिने अभ्यासक्रम बायकांच्या आयुष्यापासून सुरू व्हावा असे म्हणणे समजण्यासारखे आहे.

संस्थेची पुढची वाढ झपाट्याने झाली. १९०७ साली महिला विद्यालय निघाले; विधवांबरोबर इतर मुलींनाही शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता, आणि पुढे तेही हिंगण्याला आले. कार्यकर्त्यांना जन्मभराच्या सेवेच्या व्रतात बांधणारा निष्काम कर्ममठ निघाला. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती अण्णांच्या हाती पडली, १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी त्याच धर्तीचा विचार मांडला, आणि १९१६ साली हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. विद्यापीठ पुढे मुंबईला गेले. हिंगण्याच्या संस्थेचे नाव अनाथ बालिकाश्रमावरून हिंगणे स्त्री शिक्षण संस्था आणि नंतर महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था असे होत गेले. या गोष्टी इतर लेखांत सविस्तर आल्या आहेत, म्हणून मी त्यांवर थांबत नाही.

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षांतच पार्वतीबाईंनी एक विलक्षण गोष्ट केली. १९१८ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. महायुद्ध अजून संपलेले नव्हते. इंग्रजी शिकायचे, तिकडची स्त्रियांची कामे पाहायची आणि संस्थेसाठी काही मिळवायचे हा हेतू. हातात पैसे नव्हते आणि भाषाही नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कपर्यंत अमेरिकी घरांमध्ये मोलकरणीचे काम करत, भांडी घासत त्यांनी दिवस काढले. शाकाहार सोडला नाही. मोलकरीण म्हणून राबताना अपमानही झाले. तिथे त्यांची भेट रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी झाली. अ‍ॅबट यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रात काढली होती, पुढे मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेली, आणि त्यांना चांगले मराठी येत होते. अनोळखी देशात मराठी बोलणारा माणूस भेटला, त्याचा आधार पार्वतीबाईंना फार झाला. १९२० मध्ये त्या परत आल्या.

ज्या बाईने विसाव्या वर्षानंतर बाराखडी शिकली, तिने अठ्ठेचाळीसाव्या वर्षी परक्या देशात भांडी घासत इंग्रजी शिकावे, याचे मला आजही नवल वाटते. हिंगण्याला नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगावे. मोठ्या वयात शिकायला उशीर झाला असे म्हणायचे धाडस मग तिला होणार नाही.

बायांचे दिवस या काळात घरातच जात होते, पण ते घर आता लहान राहिले नव्हते. रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, यांनी संततिनियमनाचा प्रचार १९२० च्या दशकात सुरू केला आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वडिलांच्या संस्थेभोवती ज्या वातावरणाची काळजी घेतली जात होती, त्याच घरातून मुलगा असे मासिक काढतो, हे सोपे नव्हते. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोम्बासाला स्थायिक झाले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्या पत्नी इरावतीबाई कर्वे. मानववंशशास्त्राचा अभ्यास करायला बर्लिनला गेलेली, स्कूटरवरून पुण्यात फिरणारी, ‘युगान्त’ लिहिणारी सून. भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई हिंगण्याच्या कामात. पुढच्या पिढीत लेखिका जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. आठव्या वर्षी विधवा झालेल्या, विशीपर्यंत अक्षर न येणाऱ्या बाईच्या घरातून हे सगळे निघाले. तिचे घर हे संस्थेइतकेच एक संस्था होते, आणि त्याचा कारभार तिने एकटीने पाहिला.

वर्षे सरली तसा जुना संशयही सरला. बायांच्या पंक्तीला बसायला कुणी का कू करावे असे वातावरण पुढे राहिले नाही. उतारवयात त्या हिंगण्याला, मुलाच्या आणि सुनेच्या घरी, अण्णांबरोबर राहिल्या. ज्या ठिकाणी एकदा पाहुण्या म्हणूनही वेगळे पान पडे, तिथल्या मुलींच्या त्या आता आजी होत्या. हे आपोआप झाले असे मी मानत नाही. आश्रमातल्या बायका शिकल्या, शिक्षिका झाल्या, कमावू लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुनर्विवाहित बाईची मुले मोठी, कर्तबगार झाली. लोकांच्या मनातली भीती तशी हळूहळू सुटली. ती सुटायला लागलेला वेळ मात्र बायांच्या आयुष्यातला होता.

या एका कुटुंबातून तीन आत्मचरित्रे आली हे महाराष्ट्रात क्वचितच घडले असेल. अण्णांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली आले. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ साली आली आणि अ‍ॅबट यांनी तिचा इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. बायांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली आले. सुनेने, कावेरीबाईंनी ते सिद्ध केले. तिन्ही शेजारी ठेवून वाचली की एकच प्रसंग तीन बाजूंनी दिसतो. अण्णा जिथे एखाद्या ओळीत पुढे जातात तिथे बाया थांबतात. ते जिथे संस्थेची अडचण सांगतात तिथे त्या घरात तेल नव्हते हे सांगतात. आणि पार्वतीबाई आश्रमातल्या त्या मुलींच्या बाजूने सांगतात ज्यांना दोघांच्याही पुस्तकात बोलायला जागा मिळत नाही. संस्थेचा इतिहास लिहायचा तर ही तिन्ही लागतात. एखादे गाळले तर इतिहास अर्धा राहतो, आणि आजवर आपण पहिल्यावरच जास्त विसंबलो आहोत.

‘माझे पुराण’बद्दल आणखी एक सांगायला हवे. त्यात बाया अण्णांच्या कामाची थोरवी नाकारत नाहीत. त्यांना ते काम कळत होते. त्यांनीच तर त्या कामाची पहिली चव शारदा सदनात घेतली होती. पण नवऱ्याला महर्षी म्हणणाऱ्या जगासमोर त्यांनी संसारातली बाजू स्पष्ट शब्दांत मांडली, आणि ती मांडताना त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. त्या काळातल्या मोठ्या माणसांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणींत असा मोकळेपणा फार थोड्यांकडे आहे.

बाया १९५० साली गेल्या. पार्वतीबाई १९५५ साली, पंचाऐंशी वर्षांच्या होऊन. १९५८ मध्ये अण्णांना भारतरत्न मिळाले, त्या वर्षी त्यांनी वयाची शंभरी पार केली. दोघी बहिणींपैकी तो सोहळा पाहायला कुणी नव्हते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णाही गेले.

संस्थेने आता दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. ‘माझी कहाणी’ आणि ‘माझे पुराण’ ही दोन्ही पुस्तके एका जिल्देत, टीपांसह, संस्थेच्या नावाने छापावीत आणि शिक्षिका होण्यासाठी इथे येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाती पहिल्या दिवशी द्यावीत. आणि संस्थेच्या संस्थापकांच्या नावांची जिथे जिथे यादी लागते, तिथे देवरूखच्या जोशी घरातल्या थोरल्या मुलीचेही नाव लिहावे.